पाण्याची मोटार आणि एक्स्टेन्शनची वायर : घेताना काय पाहावे?



परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगते. मात्र १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडेच होते, आणि वीज स्वस्त व मुबलक असल्याशिवाय या देशातील दारिद्र्य हटणार नाही अशी त्यांची भूमिका होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आज पाणी आणि वीज या दोन्ही गोष्टी आपल्या वस्त्यांतून घराघरात आल्या आहेत. पण या दोन गोष्टी जिथे एकत्र येतात, म्हणजे मोरीच्या कडेला, टाकीच्या झाकणाजवळ ठेवलेल्या पाण्याच्या मोटारीपाशी, तिथे आपण फार बेफिकीर असतो. स्मरणिकेत वैचारिक लेख पुष्कळ असतात. यंदा हा घरगुती विषय घ्यावा असे वाटले.

उल्हासनगरला पाणी येते ते मुख्यत्वे एमआयडीसीकडून, बारवी धरण आणि उल्हास नदीच्या जोरावर. अंबरनाथ-बदलापूरकडे जीवन प्राधिकरणाची योजना आहे. पाणी कोठूनही येवो, ते ठरलेल्या वेळी येते, कमी दाबाने येते आणि शटडाऊननंतर तर थेंबथेंब येते. सुभाष टेकडीसारख्या उंच भागात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. म्हणून जमिनीत टाकी, वर सिंटेक्सची टाकी आणि मध्ये अर्ध्या किंवा एक हॉर्सपॉवरची मोटार, अशी व्यवस्था घरोघरी झाली. मोटार आणली जाते, पण तिच्याजवळ विजेचा पॉइंट नसतो. मग खोलीतल्या बोर्डापासून दारातून, खिडकीतून, कधी शेजारच्या पत्र्यावरून एक्स्टेन्शन ओढले जाते. तेच एक्स्टेन्शन दुपारी कूलरला, रात्री इस्त्रीला आणि १४ एप्रिलला जयंतीच्या मंडपातील हॅलोजनला! आणि ही मोटार पहाटे ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभे राहून चालू करणारी व्यक्ती बहुधा आपली आई, बहीण किंवा सूनबाई असते. विजेच्या धक्क्याने आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरण पावतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. पालिकेच्या नळाला थेट मोटार जोडून पाणी खेचणे नियमाविरुद्ध आहे. त्याने शेजाऱ्याचे पाणी तर पळतेच, शिवाय फुटक्या लाईनमधून गटाराचे पाणीही आत ओढले जाते. पुढील सर्व विवेचन टाकीतून टाकीत पाणी चढविणाऱ्या मोटारीविषयी आहे.

आता मुद्द्याकडे येऊ. वायर ही पाण्याच्या पाइपासारखी असते असे समजा. अर्धा इंची पाइपातून इंची पाइपाइतके पाणी जात नाही, आणि पाइप जितका लांब तितका शेवटी जोर कमी. विजेचेही तसेच आहे. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार चालताना साधारण ३ ते ४ अँपिअर करंट घेते, एक हॉर्सपॉवरची ६ ते ७. (नेमका आकडा मोटारीवरच्या पत्र्याच्या पट्टीवर लिहिलेला असतो, ती पट्टी चष्मा लावून एकदा वाचावी.) पण ही झाली चालू असतानाची गोष्ट. सुरू होण्याच्या क्षणी मोटार याच्या पाच-सहा पट करंट ओढते. एक हॉर्सपॉवरची मोटार क्षणभर ३५ अँपिअरपर्यंत जाऊ शकते. घरात टीव्हीसाठी आणलेल्या पांढऱ्या एक्स्टेन्शन पट्टीतील वायर बहुधा पाऊण एमएमची किंवा त्याहूनही बारीक असते आणि तिची सॉकेटे ६ अँपिअरची असतात. टीव्हीला ती पुरते. मोटारीला ती पुरणार नाही.

थोडा हिशेब करून पाहू. पाऊण एमएम वायरीचे १५ मीटरचे एक्स्टेन्शन घेतले तर जाण्याची आणि येण्याची मिळून ३० मीटर तांब्याची तार झाली. तिचा रोध होतो सुमारे ०.७८ ओहम. ३५ अँपिअर करंट ओढला गेला की वायरीतच २७ व्होल्ट खर्च होतात. तेवढ्याच लांबीची अडीच एमएमची वायर असेल तर साधारण ८ व्होल्ट. उन्हाळ्यात संध्याकाळी आपल्याकडे व्होल्टेज मुळातच उतरलेले असते. त्यातून आणखी २७ व्होल्ट गेले की मोटार फिरत नाही, नुसती घुंऽऽ करत राहते. आपण म्हणतो, जाम झाली असेल, आणि चालूच ठेवतो. ती न फिरता सतत मोठा करंट ओढत राहते. ३० अँपिअर धरले तरी त्या बारीक वायरीत सुमारे ७०० वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे जवळजवळ एका इस्त्रीइतकी. आता ही वायर गुंडाळी करून गोधड्यांच्या ढिगाखाली किंवा प्लॅस्टिकच्या पिंपामागे पडलेली असेल तर काय होईल, याची कल्पना करावी. मोटारीचे वाइंडिंग जळते ते वेगळेच.

फ्यूज उडेल ना, असे कोणी म्हणेल. उडायला हवा. पण आपल्या कॅम्पातील कित्येक जुन्या घरांत, विशेषतः लष्करी छावणीच्या काळातील बॅरकींमध्ये आणि त्यांना जोडून वाढलेल्या खोल्यांमध्ये, चिनी मातीच्या फ्यूजमध्ये वारंवार उडू नये म्हणून जाड तार बांधलेली आढळते. अशा फ्यूजचा उपयोग शून्य. वायर जळून जाते आणि फ्यूज शाबूत राहतो.

तेव्हा दुकानात गेल्यावर काय मागावे? अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटारीसाठी दीड एमएम आणि एक हॉर्सपॉवरसाठी अडीच एमएम. तीन कोरची, तांब्याची, आयएसआय मार्काची लवचिक वायर. लांबी लागेल तेवढीच घ्यावी, दहा मीटरच्या आत असल्यास उत्तम. 'पुढेमागे उपयोगी पडेल' म्हणून तीस मीटरचे भेंडोळे घेऊ नये. माझ्या मते तयार एक्स्टेन्शनपेक्षा मीटरवर वायर घेऊन, १६ अँपिअरचा थ्री पिन टॉप आणि १६ अँपिअरचे सॉकेट जाणकार वायरमनकडून बसवून घेणे कधीही चांगले. तयार मालात बाहेरचे प्लॅस्टिक जाड आणि आतले तांबे केसासारखे असा प्रकार फार. आपल्या गावची 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' ही थट्टा सर्वश्रुत आहे. तथापि बनावट माल केवळ इथेच विकला जातो असे नाही, आणि चांगली वायर विकणारे प्रामाणिक दुकानदारही इथेच आहेत. खात्री करण्याचे उपाय सोपे आहेत. खऱ्या वायरीवर दर थोड्या अंतरावर कंपनीचे नाव, एमएमचा आकडा आणि आयएस ६९४ हा मानक क्रमांक छापलेला असतो. आयएसआय चिन्हाबरोबर सीएम/एल अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो मोबाइलवरील बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे ते कळते. टोकाची एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. असली वायर लवकर तापते आणि जोडाशी तुटते. घेऊ नये.

तीन कोर का, हे नीट समजून घेणे जरुरीचे आहे. पहिल्या दोन तारांवर मोटार चालते. तिसरी, हिरवी तार मोटार चालविण्यासाठी नसतेच. ती माणूस वाचविण्यासाठी असते. मोटारीचे अंग लोखंडी, जागा ओली. आतल्या वाइंडिंगचे आवरण फाटले की वीज लोखंडी अंगावर येते. हिरवी तार ती जमिनीत नेऊन सोडते. हिरवी तार नसेल तर वीज वाट पाहत राहते आणि हात लावणाऱ्याच्या शरीरातून जमिनीत जाते. थ्री पिन टॉपमधील वरची पिन जाड आणि लांब असते ती याचसाठी, की प्लग घालताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे. आणि आपण काय करतो? बोर्डात बसत नाही म्हणून तीच पिन कापतो, नाहीतर दोन पिनांचा कन्व्हर्टर लावतो.

पण नुसती तीन कोरची वायर आणून भागत नाही. भिंतीतल्या सॉकेटला तिसरे भोक असले तरी त्याच्या मागे तार असतेच असे नाही. पुष्कळ चाळींतून ते भोक केवळ शोभेचे असते. म्हणून वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. काही जण अर्थिंग नाही म्हणून आतल्या आत न्यूट्रलच तिसऱ्या पिनेला जोडून देतात. मोटार व्यवस्थित चालते, आपणही खूश. पण उद्या खांबावरून येणारी न्यूट्रल तुटली की मोटारीचे सबंध अंग जिवंत होते. असे करू देऊ नये. तसेच पाण्याच्या नळालाही अर्थिंग बांधू नये; आता बहुतेक पाइप प्लॅस्टिकचे आहेत, आणि जिथे लोखंडी आहेत तिथे धक्का शेजारच्या घरात बसतो.

यानंतरची वस्तू म्हणजे ईएलसीबी. हल्ली दुकानदार तिला आरसीसीबी म्हणतात. पुष्कळांचा समज असा की एमसीबी बसविला म्हणजे शॉकची भीती संपली. हे चूक आहे. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरच्या वर करंट गेल्याशिवाय हलत नाही, आणि माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरेसा होतो. एमसीबी वायर वाचवितो, माणूस नव्हे. आरसीसीबीचे काम आम्हा बँकेतल्या माणसांना चटकन कळावे असे आहे. संध्याकाळी कॅश जुळविताना जेवढी रक्कम बाहेर गेली आणि आत आली तिचा मेळ लागला पाहिजे. लागला नाही तर कॅशिअर उठू शकत नाही. आरसीसीबी हेच सतत करीत असतो. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलने परत आला का? ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की करंट दुसऱ्याच वाटेने, कदाचित माणसातून, जात आहे असे समजून तो सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत वीज तोडतो. घेताना ३० मिलिअँपिअरचाच मागावा. १०० किंवा ३०० चा माणसासाठी नसतो. त्यावर एक लहान बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून वीज जाते की नाही हे पाहावे. अर्थिंग नसले तरी आरसीसीबी काम करतो, पण तेव्हा तो झटका बसल्यानंतर वीज तोडतो. म्हणून दोन्ही हवेत.

खरे सांगायचे तर मोटारीसाठी एक्स्टेन्शन ही तात्पुरतीच सोय. मोटारीजवळ, छातीच्या उंचीवर, झाकण असलेल्या पेटीत १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि पाइपातून नेलेली वायर हाच योग्य मार्ग होय. ज्यांचे घर भाड्याचे आहे आणि मालक भिंतीला हात लावू देत नाही, त्यांनी वरीलप्रमाणे वायर तयार करावी. तिचा जोड जमिनीवर न ठेवता खिळ्याला टांगावा. वायर दरवाजाच्या फटीत दबू देऊ नये, चालू असताना गुंडाळलेली ठेवू नये, मध्ये टेप लावून जोड देऊ नये. मोटारीला किंवा टाकीच्या पाण्याला हात लावण्यापूर्वी नुसते बटण बंद न करता प्लगच काढावा. पायात रबरी चप्पल असावी. अंबरनाथच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलेली आपली मुले प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांना योग्य मेहनताना देऊन काम सांगावे, ओळखीच्या नावाखाली फुकट नव्हे.

एवढे करूनही प्रसंग ओढवलाच तर चिकटलेल्या माणसाला हाताने धरू नये. वाचवायला गेलेला दुसरा आणि त्याला धरणारा तिसरा असे एकाच घरातील बळी याच घाईने जातात. आधी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करावी. श्वास थांबला असेल तर छाती दाबणे सुरू करून १०८ ला फोन करावा. खांबावरची तार तुटलेली दिसली तर महावितरणचा १९१२ हा क्रमांक आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये खात्यातून जातात आणि अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. विजेचा धक्का हाही अपघातच. पण घरच्यांना योजनेची माहितीच नसते, त्यामुळे दावाच येत नाही. पासबुकात ती २० रुपयांची नोंद आहे का, हे आजच पाहून ठेवावे.

पावसाळ्यात विशेष जपावे. २६ जुलै २००५ चा पूर आणि जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी परिसरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली तो पूर आपण पाहिला आहे. पाण्याखाली गेलेली मोटार पाणी ओसरल्यावर लगेच लावू नये. वरून कोरडी दिसली तरी वाइंडिंग ओले असते. ती उघडून, वाळवून, वायरमनकडून मेगरने तपासून मगच लावावी. भिजलेले एक्स्टेन्शन सॉकेटसह बदलावे.

आपल्या विहारांच्या टाक्यांवरही मोटारी आहेत आणि त्यांना घरच्यासारखा रोजचा मालक नसतो. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, विहारात वर्दळ वाढते, लहान मुलेही येतात. त्यापूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस, समितीने एखादा रविवार ठरवून विहाराच्या मोटारीची वायर, अर्थिंग आणि आरसीसीबी तपासून घ्यावा व त्याची तारीख मिनिट बुकात लिहून ठेवावी.