टाउनशिपमधील विभाग कसा निवडावा: देवनहळ्ळीच्या उदाहरणातून परिसर-नियोजनाची ओळख

नगररचनेच्या पाठ्यपुस्तकात 'परिसर एकक' ही संकल्पना एका परिच्छेदात आटोपते आणि परीक्षेत तिच्यावर चार गुणांची टीप येते. तुमच्यापैकी बरेच जण तीन-चार वर्षांत नोकरीसाठी बंगळूरु, पुणे, हैदराबाद अशा शहरांत जाणार आहात. तिथे आधी भाड्याचे घर शोधाल, पुढे वीस वर्षांचे कर्ज काढून स्वतःचे घ्याल. त्या वेळी ही चार गुणांची टीप थेट तुमच्या पगाराशी आणि झोपेशी येऊन भिडते. म्हणून या टिपणात आपण ती एका खऱ्या जागेवर लावून पाहू. जागा आहे बंगळूरुच्या उत्तरेची देवनहळ्ळी.

देवनहळ्ळी म्हणजे टिपू सुलतानाचे जन्मगाव. तिथे जुना दगडी किल्ला आहे आणि भौगोलिक मानांकन मिळालेला चकोता, म्हणजे पपनस, पिकतो. २००८ मध्ये शेजारी केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि शेतजमिनींच्या जागी मोठ्या टाउनशिप उभ्या राहू लागल्या. ब्रिगेड ऑर्चर्ड्स सुमारे १३० एकरांची आहे, तर एम्बसी स्प्रिंग्ज सुमारे २८८ एकरांची. एवढ्या मोठ्या वसाहतीत अपार्टमेंट, रो-हाउस, व्हिला आणि मोकळे प्लॉट यांचे वेगवेगळे विभाग असतात. घर घेणारे बहुतेक लोक 'कोणती टाउनशिप' यावर महिनाभर चर्चा करतात आणि 'त्यातला कोणता विभाग' हे विक्री कार्यालयात दहा मिनिटांत ठरवतात. माझ्या मते वेळेची विभागणी याच्या उलट हवी, कारण रोजच्या जगण्यातला फरक विभागामुळे पडतो.

चालण्याचे गणित

अमेरिकेतील क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये परिसर एककाची कल्पना मांडली. साधारण १६० एकर क्षेत्र, मध्यभागी शाळा, कडेला दुकाने, मोठे रस्ते बाहेरून जाणारे, आणि कोणत्याही घरापासून केंद्र पाव मैलावर, म्हणजे सुमारे ४०० मीटरवर. १६० एकरांचा चौरस काढला तर त्याची बाजू सुमारे ८०५ मीटर येते आणि तिचा निम्मा भाग बरोबर पाव मैल होतो. लहान मूल एकटे शाळेत जाऊ शकेल, या एका अटीवरून हा आकार ठरला आहे.

आता हेच २८८ एकरांना लावा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, म्हणून क्षेत्रफळ सुमारे ११.६५ लाख चौरस मीटर. चौरस धरला तर बाजू १,०८० मीटर. मुख्य फाटक एका बाजूच्या मध्यावर आहे आणि रस्ते काटकोनात आहेत असे माना. सर्वांत दूरच्या कोपऱ्यातील घरापासून फाटकापर्यंतचे अंतर ५४० अधिक १,०८०, म्हणजे १,६२० मीटर. मिनिटाला ८० मीटर या वेगाने वीस मिनिटे फक्त फाटक गाठायला लागतील. खरी टाउनशिप चौरस नसते, रस्तेही वळणदार असतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा वेगळा येईल. पण माहितीपत्रकावरचे 'विमानतळापासून १० मिनिटे' हे वाक्य फाटकापासून मोजलेले असते, तुमच्या दारापासून नाही, एवढे या गणितातून कळते.

म्हणून पहिले काम हे करा: आराखड्याची प्रत घ्या, त्यावरची मोजपट्टी पाहा आणि निवडलेल्या घरापासून तीन ठिकाणे रस्त्याने मोजा. फाटक, किराणा व औषधाचे दुकान, आणि बसचा थांबा. ही तिन्ही अंतरे पाचशे मीटरांच्या आत असतील तर घरात दुसरे वाहन नसले तरी चालते. तसे नसेल तर प्रत्येक कोथिंबिरीच्या जुडीसाठी स्कूटर काढावी लागते. फाटकाजवळच्या घरांना वाहनांचा आवाज जास्त असतो हे खरे, पण आई-वडील सोबत राहणार असतील तर मी तो आवाज पत्करीन.

कार्यालय नेमके कुठे

देवनहळ्ळी बंगळूरुच्या मध्यभागापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ चांगला आहे, पण शहराकडे जाताना सादहळ्ळीचा टोल नाका लागतो आणि पुढे हेब्बाळला वाहने तुंबतात. विमानतळाजवळच्या एरोस्पेस पार्कमध्ये, उदाहरणार्थ २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या बोइंगच्या केंद्रात, नोकरी असेल तर देवनहळ्ळी सोयीची आहे. नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत असेल तर ती शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. जाता-येता प्रत्येकी दीड तास आणि वर्षात २२० कामाचे दिवस धरले तर प्रवासाचे ६६० तास होतात, म्हणजे आठ तासांचे ८२ कामाचे दिवस. हा खर्च घराच्या किमतीत कुठेही छापलेला नसतो.

मेट्रोविषयीही नीट समजून घ्या. सिल्क बोर्डहून के. आर. पुरम, हेब्बाळमार्गे येणाऱ्या मार्गाचे काम हे लिहिताना चालू आहे आणि मंजूर आराखड्यात तो विमानतळावर संपतो. देवनहळ्ळी गावापर्यंत तो जात नाही. म्हणजे मेट्रो सुरू झाल्यावरही शेवटचे काही किलोमीटर तुमचे तुम्हालाच काढावे लागतील. यलहंकाहून चिक्कबळ्ळापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर देवनहळ्ळी स्थानक आहे. गाड्यांच्या वेळा तुमच्या पाळीशी जुळतात का, ते मात्र वेळापत्रकातच पाहा.

तुलनेसाठी पुण्याचे मगरपट्टा घ्या. हडपसरजवळच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून ती टाउनशिप उभारली आणि घरांबरोबर कार्यालयेही आत ठेवली. तिथे काही लोक चालत कामाला जातात. 'आतच सगळे काही आहे' हा दावा तपासायचा असेल तर जलतरण तलाव मोजू नका. आत किती नोकऱ्या आहेत आणि त्यांतली एखादी तुमच्या शिक्षणाला जुळते का, ते विचारा.

विमानांचा आवाज

विमानतळाशेजारच्या टाउनशिपमध्ये हा मुद्दा विभागागणिक बदलतो. इथल्या दोन्ही धावपट्ट्या समांतर आणि पूर्व-पश्चिम आहेत. त्यामुळे उतरणारी आणि उडणारी विमाने प्रामुख्याने पूर्वेच्या व पश्चिमेच्या पट्ट्यात खाली असतात. देवनहळ्ळी गाव विमानतळाच्या उत्तरेला आहे. म्हणून 'विमानतळापासून किती दूर' याहून 'धावपट्टीच्या रेषेपासून किती बाजूला' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. धावपट्टीच्या रेषेत आठ किलोमीटरवरचे घर बाजूला चार किलोमीटरवर असलेल्या घरापेक्षा गोंगाटाचे असू शकते.

विमाने वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडतात आणि उतरतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, हिवाळ्यात पूर्वेकडून. म्हणजे जुलैमध्ये शांत वाटलेले घर डिसेंबरमध्ये तसेच राहील याची खात्री नाही. शक्य असेल तर दोन ऋतूंत, आणि एकदा तरी रात्री अकरानंतर, त्या जागी अर्धा तास उभे राहा. बिंदुस्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो हे तुम्ही भौतिकशास्त्रात शिकला आहात. चारशे मीटर उंचीवरून जाणारे विमान आणि आठशे मीटरवरून जाणारे विमान यांत तेवढाच फरक असतो. जाड काचेच्या खिडक्या उपयोगी पडतात, पण बंद असतील तरच, आणि बंगळूरुच्या हवेत खिडकी बंद ठेवणे हेच मोठे नुकसान आहे.

पाणी

हा भाग सावकाश वाचा, कारण इथे चूक झाली तर ती पैशानेही सहज दुरुस्त होत नाही. बंगळूरुला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून आणले जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेला पाचवा टप्पा २००७ मध्ये महापालिकेत आलेल्या ११० गावांसाठी आहे. देवनहळ्ळी त्यांत नाही. शेजारच्या नंदी डोंगररांगेत अर्कावतीसारख्या नद्या उगम पावतात, पण उगमाजवळ बारमाही प्रवाह नसतो. जमिनीखाली कठीण ग्रॅनाइट व नाइस खडक आहे, त्यात पाणी फक्त भेगांमध्ये साठते. एका कूपनलिकेला पाणी लागले म्हणून पन्नास मीटरवरच्या दुसरीला लागेलच असे नाही. महाराष्ट्रातील बेसॉल्टचा अनुभव असलेल्यांना हे नवे नाही.

आता हिशेब मांडू. एक हजार सदनिका, प्रत्येकी चार माणसे आणि माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला ५,४०,००० लिटर लागतात. १२,००० लिटरचे ४५ टँकर. यांतले माणशी ४५ लिटर शौचालयातील फ्लशसाठी असतात. इमारतीत दुहेरी नळयोजना असेल आणि सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापरले जात असेल तर १,८०,००० लिटर वाचतात आणि टँकर ३० वर येतात. छतावरच्या पावसाचे काय? १०,००० चौरस मीटर छत, वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस आणि ०.८ अपवाह गुणांक घेतला तर ६४ लाख लिटर मिळतात. ऐकायला मोठा आकडा आहे, पण पूर्ण वसाहतीची जेमतेम बारा दिवसांची गरज भागते. तरीही भूजल पुनर्भरणासाठी ते करायलाच हवे.

एकाच टाउनशिपमध्ये अपार्टमेंटचा विभाग आणि हिरवळीच्या व्हिलांचा विभाग यांचे पाणी एकाच टाकीतून येते का, प्रत्येक घराला वेगळे मीटर आहे का, आणि उन्हाळ्यातील टँकरचा खर्च देखभाल शुल्कात कोणत्या पद्धतीने वाटला जातो, हे तिथल्या रहिवाशांना विचारा. विक्री प्रतिनिधीला विचारून उपयोग नाही, तो तिथे राहत नाही. चौकशी एप्रिलमध्ये करा.

टप्पे आणि आश्वासने

टाउनशिप एकदम उभी राहत नाही, टप्प्याटप्प्याने बांधली जाते. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार प्रत्येक टप्पा हा स्वतंत्र प्रकल्प मानला जातो आणि त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे असतात. या तरतुदीचा एक परिणाम सहसा कोणी सांगत नाही. माहितीपत्रकावरचे क्लबहाउस, शाळा किंवा तळे जर तिसऱ्या टप्प्यात असेल आणि तुमचे घर पहिल्यात असेल, तर तुमच्या टप्प्याच्या नोंदणीत त्या सोयीचा समावेश नसू शकतो. तो तिसरा टप्पा रखडला तर तुमचा टप्पा कागदोपत्री पूर्णच दिसेल. म्हणून कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर आपल्या टप्प्याचा नोंदणी क्रमांक घालून मंजूर आराखडा उतरवून घ्या आणि माहितीपत्रकाशेजारी ठेवून ताडून पाहा.

पहिल्या टप्प्यात आणखी एक गोष्ट पदरी येते. पुढची काही वर्षे शेजारी बांधकाम चालणार, त्याची धूळ आणि ट्रक तुमच्याच रस्त्याने जाणार. शेवटच्या टप्प्यात ही कटकट कमी, पण किंमत जास्त.

टाउनशिपच्या कुंपणाबाहेरच्या आश्वासनांकडे याहून जास्त सावधपणे पाहावे लागते. देवनहळ्ळी तालुक्यातील चन्नरायपट्टण भागात एरोस्पेस पार्कसाठी १,७७७ एकर घेण्याचा प्रस्ताव होता. शेतकऱ्यांनी २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ आंदोलन केले आणि जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने ते संपादन मागे घेतले. 'शेजारी लवकरच उद्योगनगरी' या भरवशावर घर घेणाऱ्याचा हिशेब एका दिवसात बदलू शकतो. आणि ती जमीन कोणाची तरी उपजीविका होती, हे नगररचना शिकणाऱ्याने नकाशावरील रंगांकडे पाहताना विसरू नये.

शेजार

नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी सात-सात घरे एका लहान अंगणाभोवती बसवली आणि असे तीन गट मिळून एक मोठा गट केला. सात घरांत माणसे एकमेकांना ओळखतात. दोनशे सदनिकांच्या मनोऱ्यात ओळख लिफ्टपुरती राहते. एकट्याने भाड्याने राहणाऱ्या पंचविशीतल्या माणसाला हे चालेल, कदाचित हवेही असेल. सांगली-सोलापूरहून मुलाकडे राहायला आलेल्या, कन्नड न येणाऱ्या आणि गाडी न चालवणाऱ्या आई-वडिलांना ते जड जाते. त्यांच्यासाठी सावलीतला बाक, चालत गाठता येणारा दवाखाना आणि खाली बसणारा भाजीवाला असलेला विभाग शोधा. देवनहळ्ळी गावच्या बाजूला फाटक उघडत असेल तर जुनी बाजारपेठही हाताशी येते.

स्वाध्याय

तुमच्या शहरातील एखाद्या टाउनशिपचा रेराच्या संकेतस्थळावरील मंजूर आराखडा मिळवा. दोन विभागांतील प्रत्येकी एक घर निवडून फाटक, किराणा दुकान व बसथांबा यांची अंतरे रस्त्याने मोजा, दोन्ही विभागांची पाण्याची दैनिक गरज वरील पद्धतीने काढा आणि आराखड्यातील कोणती सोय कोणत्या टप्प्यात आहे याचा तक्ता करा. मग एक दिवस संध्याकाळी सात वाजता तिथे प्रत्यक्ष जा, अंतरे चालून पाहा आणि कागदावरच्या आकड्यांशेजारी घड्याळातली मिनिटे लिहा.