अदृश्य द्रव्य की अपुरा नियम?

युरेनसची गती न्यूटनच्या नियमाशी जुळेना, तेव्हा उर्बँ ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने नियमाला धक्का न लावता एका अज्ञात ग्रहाची कल्पना केली. २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून त्याने वर्तविलेल्या स्थानाजवळच आढळला. बुधाच्या कक्षेतील विसंगतीसाठीही १८५९मध्ये त्याने हाच मार्ग अनुसरला. परंतु ‘व्हल्कन’ नावाचा तो ग्रह कधीच सापडला नाही. येथे अपुरा होता तो नियमच. शतकाला ४३ विकलांची ती तफावत १९१५मध्ये आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतेने उलगडली.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना ही द्विधा परकी नाही. उपलब्ध प्रतींतील विसंगतीसाठी एखादे लुप्त हस्तलिखित गृहीत धरावे, की पाठसंक्रमणाविषयीची आपली समजूतच बदलावी?

आज तोच पेच दीर्घिकांच्या प्रमाणावर उभा आहे. सर्पिल दीर्घिकांच्या कडेचे तारे, दृश्य द्रव्याच्या हिशेबाने मंदावायला हवेत, तसे मंदावत नाहीत. बहुसंख्य संशोधक त्यासाठी कृष्णद्रव्य मानतात. मोर्देहाय मिल्ग्रोम यांनी मात्र १९८३मध्ये नियमच बदलून पाहिला: पृथ्वीवरील गुरुत्वीय त्वरणाहून सुमारे ८ हजार कोटी पटींनी क्षीण असलेल्या एका मर्यादेखाली गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाने नव्हे, केवळ अंतराच्या प्रमाणात घटते. या एकाच स्थिरांकाने असंख्य दीर्घिकांची गती विलक्षण अचूकपणे वर्णिता येते, हे विरोधकांनाही नाकारता आलेले नाही. दीर्घिकासमूहांत मात्र हे सूत्र तोकडे पडते. २००६मध्ये ‘बुलेट’ समूहाच्या निरीक्षणांत गुरुत्वाचे केंद्र तप्त वायूपासून विलग दिसले, आणि दृश्य द्रव्याचा मोठा भाग तर त्या वायूतच होता.

विश्वप्रसरणाचा वेग वाढत असल्याचे १९९८मध्ये उघड झाल्यावर कृष्णऊर्जेऐवजीही सुधारित गुरुत्वाचे पर्याय पुढे आले. त्यांपैकी अनेकांत गुरुत्वीय लहरींचा वेग प्रकाशाहून भिन्न ठरत होता. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरील दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून लहरी आल्या आणि अवघ्या १.७ सेकंदांनी गॅमा किरण. असे सिद्धांत एका दिवसात निकाली निघाले. सिद्धांतांच्या इतिहासात इतका सत्वर निवाडा क्वचितच आढळतो. मिल्ग्रोम यांच्या कल्पनेला याकोब बेकेनश्टाइन यांनी २००४मध्ये दिलेले सापेक्षतावादी रूपही त्यातून सुटले नाही.

२०२१मध्ये स्कोर्डिस आणि झ्लोश्निक यांनी प्रकाशवेगाची ही अट पाळणारे, विश्वाच्या आदिम प्रारणाशीही जुळणारे नवे रूप मांडले. दुसरीकडे, कृष्णद्रव्याचा एकही कण प्रयोगशाळेत निर्विवादपणे हाती लागलेला नाही.