हौशी सर्व्हरचालकाच्या अडचणी
लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकी येथे विद्यार्थिदशेत लिहिलेल्या लिनक्सच्या गाभ्यावर आज असंख्य वेब सर्व्हर, म्हणजे मागणी येताच संकेतस्थळाची पाने पुरवणारे संगणक, चालतात. ही प्रणाली विनामूल्य असल्याने जुन्या संगणकावर घरीच असा सर्व्हर उभारणारे हौशी लोकही पुष्कळ आहेत. त्यांची पहिली अडचण बहुधा परवानग्यांची असते. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलसाठी मालक, गट आणि इतर यांना वाचणे, लिहिणे व चालवणे यांचे स्वतंत्र अधिकार दिलेले असतात, आणि सर्व्हरचा प्रोग्रॅम सुरक्षिततेसाठी मर्यादित अधिकारांच्या वेगळ्या खात्यातून चालत असल्यामुळे, मालकाला सहज उघडता येणाऱ्या पानाऐवजीही वाचकाला '४०३' हा नकाराचा संकेत मिळू शकतो. अशा वेळी सर्वांना सर्व अधिकार देणारा '७७७' हा आकडा वापरण्याचा मोह होतो. परंतु त्यामुळे संगणकावरील कोणत्याही खात्याला ती फाइल बदलता येत असल्याने हा उपाय मूळ दुखण्याहून घातक ठरतो. दुसरी अडचण सावकाश उद्भवते: प्रत्येक भेटीची नोंद ठेवणाऱ्या लॉग फाइली वाढून डिस्क भरली, की वरवर असंबद्ध भासणारे बिघाड दिसू लागतात, म्हणून जुन्या नोंदी ठरावीक काळाने पुसणारी 'लॉगरोटेट' ही सोय चालू ठेवावी लागते. मात्र नकाराचे नेमके कारण बहुधा याच नोंदींत सापडत असल्याने त्या सरसकट बंद करणेही हिताचे नसते.