खड्यात भरून आलेली वीज

पुण्याजवळ मुळशीचं धरण १९२०च्या दशकात उभं राहिलं. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी धरणाविरुद्ध उभारलेला १९२१चा सत्याग्रह हरला, गावं पाण्याखाली गेली आणि १९२७पासून घाटाखालच्या भिरा वीजघरातली वीज मुंबईकडे निघाली. ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्यांच्या वाड्यावस्त्यांवर रॉकेलचे दिवे त्यानंतरही बरीच वर्षं जळत राहिले. इथल्या गॅस वेल्डिंगची गोष्ट मला या अंधारापासून सांगावीशी वाटते.

फ्रान्समध्ये फूशे आणि पिकार यांनी ऑक्सिजन-अ‍ॅसिटिलीनची वेल्डिंगची नळी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तयार केली. तिला विजेची तार लागत नव्हती. अ‍ॅसिटिलीन मिळे कार्बाईडच्या राखाडी खड्यांतून. चुना आणि कोक विजेच्या भट्टीत दोन हजार अंशांच्या वर तापवून हे खडे बनतात; पाणी पडलं की वायू सुटतो, मागे विरलेला चुना उरतो. भट्टीत खर्ची पडलेल्या विजेचा काही अंश अशा रीतीने पत्र्याच्या डब्यात बंद होऊन बिनविजेच्या गावात पोचायचा.

आणि कामही तातडीचं असे. आषाढात भाताची चिखलणी चालू असताना अवजार मोडलं तर पाऊस थांबत नाही. वेल्डर आधी अ‍ॅसिटिलीन पेटवी. पिवळी, काजळी सोडणारी ज्योत. मग ऑक्सिजन वाढवत नेला की ज्योतीचा पिसारा आत ओढला जातो आणि नळीच्या तोंडाशी पांढरा-निळा सुळका उरतो. सुळक्याच्या टोकापुढे दोन-तीन मिलिमीटरवर सुमारे ३,१०० अंश सेल्सिअसची धग असते. पोलाद दीड हजारांच्या आसपासच वितळतं. दोन्ही कडांचं मिळून एक डबकं होतं, त्यात सळई टेकवत पुढे सरकायचं. थिजल्यावर दोन तुकडे एकच धातू होतात. सुळक्यात अर्धवट जळून तयार झालेले कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोजन बाहेरची हवा घेऊन पुन्हा जळतात, त्यामुळे वितळलेल्या पोलादाला हवा लागत नाही. ऑक्सिजन जास्त झाला की ज्योत फुसफुसते आणि पोलाद जळतं. पितळेला मात्र थोडा जास्त ऑक्सिजनच हवा. वर ऑक्साईडची साय धरते आणि आतलं जस्त उडून जात नाही.

बिडाचा तडकलेला पंप हे सगळ्यात नाजूक काम. आधी सगळा तापवायचा, नंतर हळूहळू निववायचा. नाहीतर टाकणखार लावून पितळेने सांधायचा, आपले तांबट पिढ्यान् पिढ्या झाळत आले तसा.

पुढे वीज आली, विजेवर चालणारं आर्क वेल्डिंग आलं. मुळशीतल्याच पिरंगुटला कारखाने उभे राहिले. गॅसची धग पसरते, पातळ पत्रा वाकतो, काम सावकाश होतं. कारखान्याला ते परवडत नाही. आता ऑक्सिजनची काळी आणि अ‍ॅसिटिलीनची मरून टाकी दिसते ती बहुधा भंगार कापताना, किंवा फ्रिज-एसीची तांब्याची नळी जोडणाऱ्याकडे.

आयटीआयच्या एक वर्षाच्या वेल्डर अभ्यासक्रमात गॅस वेल्डिंग अजून आहे. ते काढू नये, असं मला ठामपणे वाटतं. आर्कच्या झगमगाटात, गडद काचेआडून, नवख्याला धातूपेक्षा उजेडच जास्त दिसतो. गॅसच्या ज्योतीखाली डबकं कधी धरतं, कधी फार पसरतं आणि पत्र्याला भोक केव्हा पडणार, हे पोराला सावकाश बघता येतं, आणि हात वेळेत मागे घेता येतो.