गुणी, पण बेभरवशाचा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये दर एप्रिलच्या अखेरीला एक जुना वाद नव्यानं रंगतो. विशीतला एखादा मुलगा असतो. उंचापुरा, वाऱ्यासारखा धावणारा, हाताला चेंडू लागला की सुटणं नाही. पण त्याच्या नावाला काहीतरी चिकटलेलं असतं. कुणी मारामारीत सापडलेला, कुणी अमली पदार्थांच्या चाचणीत नापास झालेला, कुणी सरावाला वेळेवर न येणारा. क्लबच्या मालकाला ठरवायचं असतं, याला घ्यायचं की सोडायचं? खेळ आपल्याकडचा नाही, पण पेच आपल्याला अगदीच अनोळखीही नाही. म्हणून आज त्याबद्दल थोडं बोलायचं आहे.

आधी हा खेळ समजून घेऊ. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नव्हे. चेंडू लांबुळका असतो आणि तो बहुतेक वेळा हातानंच खेळला जातो. मैदान शंभर यार्डांचं, प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या टोकाला पोचलं की टचडाउन, म्हणजे सहा गुण. चेंडू फेकणारा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक आणि पुढे धावत जाऊन तो झेलणारा म्हणजे रिसीव्हर. क्वार्टरबॅक पुष्कळदा रिसीव्हर पोचायच्या आधीच, ठरलेल्या जागेवर चेंडू फेकतो. रिसीव्हर अर्धा सेकंद उशिरा आला किंवा वेगळीकडे वळला, तर चेंडू थेट शत्रूच्या हाती. त्यामुळे या जागेवर दोन गुण लागतात. उंची आणि वेग हे जन्मानं मिळतात, कुणी शिकवू शकत नाही. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी हजर राहणं मात्र सरावानंच येतं. बेभरवशाच्या मुलाकडे पहिला गुण भरपूर असतो आणि शंका असते ती दुसऱ्याबद्दल.

आता निवडीची पद्धत. तिथे आयपीएलसारखी बोली लागत नाही. नव्या खेळाडूंवर क्लब पाळीपाळीनं हक्क सांगतात. याला ड्राफ्ट म्हणतात. पहिला ड्राफ्ट १९३६ साली झाला. आज ३२ क्लब आहेत आणि सात फेऱ्या होतात. आदल्या हंगामात जो तळाला, त्याची पाळी पहिली आणि जो विजेता, त्याची शेवटची. पाळ्यांची आपसात अदलाबदलही करता येते. पहिल्या फेरीतली पाळी म्हणजे क्लबची वर्षाची मोठी पुंजी. ती वाया गेली तर गावातले लोक वर्षानुवर्षं उद्धार करतात.

अशा पेचाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे १९९८ सालचा रँडी मॉस. वेस्ट व्हर्जिनियातला हा मुलगा सहा फूट चार इंच उंच आणि विलक्षण चपळ. शाळेतल्या मारामारीबद्दल शिक्षा झाली, म्हणून नोटर डेम विद्यापीठानं त्याचा प्रवेश रद्द केला. फ्लोरिडा स्टेटनं घेतलं, पण गांजाच्या चाचणीत तो सापडला आणि तिथूनही बाहेर पडला. शेवटी मार्शल या तुलनेनं लहान विद्यापीठातून खेळून त्यानं मैदान गाजवलं. गुणांबद्दल कुणालाच शंका नव्हती. तरीही वीस खेळाडूंची नावं पुकारली गेली आणि त्यात मॉस नव्हता. डॅलस काउबॉइजची पाळी आठवी होती. पण अवघ्या दोन वर्षांपूर्वी त्यांचाच नामवंत रिसीव्हर मायकेल अर्विन कोकेनच्या प्रकरणात अडकला होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. डॅलसनं ग्रेग एलिस हा बचावपटू घेतला.

एकविसाव्या पाळीला मिनेसोटा व्हायकिंग्जनं मॉसला उचललं. पहिल्याच हंगामात त्यानं १७ टचडाउन झेलले. नवख्या खेळाडूसाठी तो विक्रम होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या दिवशी सामना डॅलसमध्येच होता. मॉसनं त्या दिवशी फक्त तीन झेल घेतले आणि तिन्ही टचडाउन ठरले! मिनेसोटानं सामना ४६-३६ असा जिंकला. पुढे २०१८ मध्ये मॉसला या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

ही गोष्ट सांगून लोक सहसा थांबतात आणि म्हणतात, पाहा, धाडस करायला हवं. मला वाटतं, गोष्टीतला महत्त्वाचा भाग तिथेच निसटतो. मॉस कुठल्या घरात गेला ते पाहा. मिनेसोटाकडे क्रिस कार्टर आणि जेक रीड हे दोन उत्तम रिसीव्हर आधीच होते. संघाचा सगळा डोलारा या पोरावर उभा नव्हता. शिवाय कार्टर स्वतः या वाटेनं गेलेला. व्यसनापायी १९९० मध्ये फिलाडेल्फियानं त्याला काढलं आणि मिनेसोटानं अवघ्या शंभर डॉलरच्या शुल्कात त्याला घेतलं. तिथे तो सावरला आणि थोर खेळाडू झाला. त्यानं मॉसला आपल्याबरोबर सरावाला लावलं. उपदेश करणारे पुष्कळ असतात. ज्याचं ऐकावंसं वाटेल असा माणूस शेजारी असणं ही वेगळी गोष्ट. मॉस काही त्यामुळे संत झाला नाही. २००२ मध्ये मिनिॲपोलिसमध्ये वाहतूक कर्मचाऱ्याला गाडीनं रेटल्याचं प्रकरण झालंच. पण मैदानावर तो हजर राहिला. आणि न्यायानं हेही सांगायला हवं की डॅलसचा एलिसही वाया गेला नाही. तो तिथे अकरा हंगाम इमानानं खेळला.

आता नाण्याची दुसरी बाजू. २००३ मध्ये डेट्रॉइट लायन्सनं दुसऱ्याच पाळीला चार्ल्स रॉजर्सला घेतलं. मिशिगनचाच मुलगा, मिशिगन स्टेटचा खेळाडू, म्हणजे घरचाच. ड्राफ्टपूर्व चाचणीत त्याच्या नमुन्यात पाणी जास्त आढळल्याची बातमी आली होती, पण तिकडे काणाडोळा झाला. पहिल्या हंगामात त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. दुसऱ्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात पुन्हा तेच. क्लबनं त्याला बरा होईपर्यंत घरी जाऊ दिलं. विशीतला पोरगा, हातात लाखो डॉलर, दिवसभर काम नाही आणि भोवती जुनी मित्रमंडळी. वेदनाशामक गोळ्यांची सवय लागल्याचं त्यानं पुढे स्वतःच सांगितलं. २००५ मध्ये अमली पदार्थांबद्दल चार सामन्यांची बंदी आणि २००६ मध्ये क्लबकडून नारळ. एकूण कमाई १५ सामने आणि ३६ झेल. त्याच्या पाठोपाठ, तिसऱ्या पाळीला, ह्यूस्टननं घेतलेला आंद्रे जॉन्सन २०२४ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. रॉजर्स त्याआधीच, २०१९ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी हे जग सोडून गेला होता.

रॉजर्स एकटा नाही. जस्टिन ब्लॅकमनला जॅक्सनव्हिलनं २०१२ मध्ये पाचव्या पाळीला घेतलं. वीस सामने खेळून तो बेमुदत बंदीत गेला, तो परतलाच नाही. त्याच वर्षी क्लीव्हलंडनं पुरवणी ड्राफ्टमध्ये घेतलेला जॉश गॉर्डन २०१३ च्या हंगामात १,६४६ यार्डांसह साऱ्या लीगमध्ये पहिला आला, तेही चौदाच सामन्यांत. पुढच्या तीन हंगामांत मिळून तो पाच सामने खेळला.

मग हिशेब कसा मांडायचा? इथे अर्थशास्त्रज्ञ मदतीला येतात. केड मॅसी आणि पुढे २०१७ चं नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर यांनी या ड्राफ्टचा अभ्यास करून २०१३ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. एकाच जागेवर खेळणारे दोन खेळाडू घ्या, एक आधी निवडलेला आणि दुसरा त्याच्यानंतर लगेच निवडलेला. आधीचा सरस ठरण्याची शक्यता किती? शंभरात बावन्न! नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरी. लाखो डॉलर खर्चून, शेकडो निरीक्षक फिरवून ही अवस्था. क्लब आपल्या नजरेवर वाजवीपेक्षा जास्त विश्वास ठेवतात आणि वरच्या पाळीसाठी वाजवीपेक्षा जास्त किंमत मोजतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे, ज्याला आपण निर्धोक म्हणतो तोही जुगारच असतो, फक्त तो तसा दिसत नाही. दुसरी म्हणजे, सगळेच अंदाज इतके कच्चे असतील तर एकाच मुलासाठी सारी पुंजी लावणं शहाणपणाचं नाही. मॉस एकविसावा होता, रॉजर्स दुसरा. किंमत कमी असली तर चूक पचते.

किंमतीचं गणित मधल्या काळात बदललंही आहे. २०१० मध्ये पहिल्या पाळीला गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डचा करार ७.८ कोटी डॉलरचा होता आणि त्यातले पाच कोटी हमीचे. २०११ मध्ये नवे नियम आले आणि पहिल्या पाळीच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे २.२ कोटी मिळाले. पैशाचा धोका घटला. पाळी वाया जाण्याचा धोका मात्र तेवढाच राहिला.

याच २०१० सालच्या ड्राफ्टमध्ये डॅलसपुढे तोच पेच पुन्हा आला. ओक्लाहोमा स्टेटचा डेझ ब्रायंट. माजी खेळाडू डिऑन सँडर्स यांच्या भेटीबद्दल चौकशी झाली तेव्हा हा घाबरून खोटं बोलला. भेट नियमबाह्य नव्हतीच. खोटं बोलणं भोवलं आणि जवळजवळ सगळा हंगाम बुडाला. त्यात बेशिस्तीच्या कुजबुजी आणि अतिशय खडतर बालपण. ड्राफ्टपूर्व मुलाखतीत मायामी डॉल्फिन्सच्या वरिष्ठ व्यवस्थापकानं त्याला विचारलं, तुझी आई वेश्या होती का? बातमी फुटल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. मला हा प्रश्न निव्वळ असभ्य वाटत नाही, तो मूर्खपणाचाही वाटतो. मुलगा उद्या सरावाला वेळेवर येईल का, हे त्यातून कसं कळणार? गरिबी आणि विस्कटलेलं घर हा मुलाचा दोष नव्हे. अनेकदा ‘धोका’ या शब्दाखाली नेमकं हेच लपवलं जातं.

डॅलसनं या वेळी थोडी अदलाबदल करून चोविसाव्या पाळीला ब्रायंटला घेतलं. सुरुवातीला अडचणी आल्याच. २०१२ मध्ये कौटुंबिक प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. तेव्हा क्लबनं त्याच्यासाठी नियम घातल्याचं वृत्त आलं. मध्यरात्रीपूर्वी घरी, दारू बंद, नियमित समुपदेशन, सोबत पहारेकरी. त्या आणि पुढच्या दोन हंगामांत मिळून त्यानं ४१ टचडाउन झेलले. नियमांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण रॉजर्सला घरी धाडणं आणि ब्रायंटभोवती माणसं उभी करणं, यातला फरक उघड आहे.

एक प्रकार मात्र मी या तराजूत घालणार नाही. टायरीक हिल या खेळाडूनं गरोदर मैत्रिणीला मारहाण केल्याचा गुन्हा २०१५ मध्ये कबूल केला. २०१६ मध्ये कॅन्सस सिटीनं त्याला पाचव्या फेरीत, १६५ व्या पाळीला घेतलं. खेळाच्या हिशेबात सौदा फार फायद्याचा झाला, संघ विजेताही ठरला. पण गांजा ओढणारा मुलगा प्रामुख्यानं स्वतःचं नुकसान करतो. इथे किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजलेली असते आणि तिला निवडीच्या खोलीत कुणी विचारत नाही. टचडाउनच्या संख्येनं त्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

तर मग घ्यावं की सोडावं? माझं उत्तर आहे, घ्यावं, पण तीन प्रश्न विचारून. पहिला, दोष नेमका कोणता? घरची परिस्थिती, वयाचा उथळपणा, व्यसन आणि हिंसा यांना एकाच पोत्यात भरू नये. दुसरा, किंमत काय? हा मुलगा फसला तर संघ उभा राहील का? वरच्या पाळीला, सगळी भिस्त ठेवून घेणार असाल तर नको. तिसरा आणि माझ्या मते सर्वांत मोठा, आपल्या घरात त्याला सांभाळणारं कोण आहे? विशेषतः तो जखमी असेल, रिकामा असेल तेव्हा? या प्रश्नाला एका माणसाचं नाव घेऊन उत्तर देता येत नसेल, तर तो मुलगा कितीही गुणी असो, आपण त्याला घ्यायला लायक नाही, असं क्लबनं समजावं.

कारण वाया गेलेली पाळी क्लबला पुढच्या एप्रिलमध्ये भरून काढता येते. बावीस वर्षांच्या मुलाला पुढचा एप्रिल मिळेलच असं नाही.