लंडन पाहावे सावकाश

लंडनमध्ये आठवडाभर मुक्काम असलेल्या कुटुंबाने रोज पाच ठिकाणे उरकण्यापेक्षा एकच नीट पाहावे. शहराची व्यवस्थाही त्याला पूरक आहे. ब्रिटिश म्युझियम १७५९पासून लोकांसाठी खुले आहे आणि आजही तिथला कायमस्वरूपी संग्रह विनातिकीट पाहता येतो. त्यामुळे पैसे वसूल करण्यासाठी मुलांना दालनादालनांतून ओढत नेण्याचे कारणच उरत नाही. तिथली आंध्रातील अमरावतीची शिल्पे निवांत पाहावीत, मुले कंटाळली की बाहेर पडावे, हवे तर दोन दिवसांनी पुन्हा यावे. कोणी म्हणेल, एवढा विमानखर्च करून थोडेच का पाहायचे? पण घाईत पाहिलेले मुलांच्या मनात टिकत नाही. प्रिमरोज हिलजवळचे, १९२१-२२मध्ये डॉ. आंबेडकर विद्यार्थी म्हणून राहिले ते घर शांतपणे पाहिले, तर ज्ञानासाठी सोसलेल्या कष्टांचे मोल मुलांना खरोखर उमगेल.