नकाशावरचे अंतर आणि घड्याळातला वेळ

मुंबईहून नागपूर किती लांब, असे कोणी विचारले तर 'कशाने जाणार?' हा प्रतिप्रश्न करावा. रुळांवरून मोजले तर ८३७ किलोमीटर. नवा समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणे गावापासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर. विमानाला ना घाट आडवा येतो, ना नदी. त्याचे अंतर मोजण्याची रीतच निराळी.

नकाशाचे पुस्तक उघडा. मुंबईचा विमानतळ उत्तर अक्षांश १९.१ वर, नागपूरचा २१.१ वर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा उत्तरेकडे सुमारे २२० किलोमीटर जायचे. रेखांश मात्र ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, म्हणून आपल्याकडे त्यांचा अंश १०५ किलोमीटरच्या आसपास भरतो. दोन्ही शहरांत सहा अंशांहून थोडे अधिक अंतर, म्हणजे पूर्वेकडे सुमारे ६५० किलोमीटर. आता शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा. कर्ण येतो सुमारे ६८५. फार लांबच्या प्रवासाला पृथ्वीची गोलाई धरावी लागते. इतक्या अंतराला एवढे गणित पुरते.

ताशी आठशे किलोमीटर वेगाने हे अंतर पन्नास मिनिटांत संपावे. वेळापत्रक मात्र साधारण दीड तास सांगते. कारण ते घड्याळ विमान जागेवरून हलले की सुरू होते आणि पलीकडे जागेवर उभे राहिले की थांबते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, चढणे, उतरणे, सारे त्यात आले. त्यातून मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. म्हणून बहुधा एकच वापरात असते आणि विमानांनाही रांग चुकत नाही! हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचा वारा जोरात असतो. जाताना तो पाठ थोपटतो, येताना छातीवर बसतो.

नागपूर मध्यावर असल्याचा फायदा टपालखात्याने १९४९ साली घेतला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत.

आता आमच्या कामणचे पाहा. कामण ते मुंबईचा विमानतळ ही सरळ रेषा जेमतेम तीस किलोमीटर. पण ती वसईची खाडी आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान यांच्यावरून जाते. माणसाला चिंचोटीला जाऊन, महामार्गावरून, वर्सोव्याच्या पुलावरच्या गर्दीतून, दहिसरमार्गे जावे लागते. दीड-दोन तास सहज मोडतात. म्हणजे तीस किलोमीटरला जो वेळ, तोच ६८५ किलोमीटरला!

गेल्या वर्षी माझे आजोबा नागपुरात अत्यवस्थ झाले, तेव्हा हा हिशेब मी कागदावर मांडला. तार्किकदृष्ट्या विमानच जिंकत होते : घरापासून विमानतळ दोन तास, आधी हजर राहण्याचे दीड-दोन, उड्डाणाचे दीड, पुढे शहरात पोहोचण्याचा अर्धा, म्हणजे जेमतेम सहा तास. पण निरोप आला संध्याकाळी, आणि जागा मिळत होती दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात. रात्रीची आगगाडी कल्याणला मिळत होती. ती त्याच सकाळी, विमानाच्या आधी, नागपूरला पोहोचणार होती. आईला मी आगगाडीत बसवले.